पश्चिमेचं ऊन आणि दारचा निंब



गेल्या आठवड्याच्या टपालात मानेवाडा भागातल्या एका भगिनींचं पत्र आलं. त्या लिहितात, "आमचं घर पश्चिममुखी आहे. पुढे वीस फुटांचं अंगण. पश्चिमेच्या खोलीत माझे सासरे असतात. दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळले आहेत. दुपारी तीननंतर त्या खोलीची भिंत तव्यासारखी तापते, ती रात्री दहापर्यंत निवत नाही. कूलर आहे, पण वीज गेली की त्यांच्याकडे पाहवत नाही. अंगणात सावलीचं झाड लावावं असं मनात आहे. रोपवाटिकेत म्हणतात सिल्व्हर ओक न्या, झपाट्याने वाढतो. शेजारच्या वहिनी म्हणतात गुलमोहर लावा, शोभाही येते. आणि घरातले म्हणतात, झाडाच्या भानगडीत पडूच नका, सगळीकडे फरशी घालून वर पत्रे टाकू. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

या पत्राला चार ओळींत उत्तर देता आलं असतं. पण पत्र वाचलं आणि मला आमचंच घर आठवलं. तेच पश्चिमेचं ऊन, तीच तापलेली भिंत, तोच उतावीळपणा. म्हणून आज स्वयंपाकघर थोडं बाजूला ठेवू या आणि अंगणात जाऊ या.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. २०१७ च्या जूनमध्ये आम्हीही असंच ठरवलं की झाड लावायचं. लावायचं तर मोठंच लावू, म्हणजे सावली लवकर येईल, असा हिशेब. एका रोपवाटिकेतून सात फूट उंचीचा कडुनिंब आणला. काळ्या पिशवीत मूळ, वर शेंड्याला हिरवागार झुपका. किंमत ऐकून 'ह्यांनी' भुवया उंचावल्या, पण मी म्हटलं, दोन वर्षांची वाट वाचली! खड्डा खणला, झाड बसवलं, रोज सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी घातलं. झाड वाढलं. येणारेजाणारे कौतुक करायचे आणि मी फुशारून जायची.

२०२० च्या मे महिन्यात वळवाचा पाऊस वादळ घेऊन आला. अर्ध्या तासात सगळं शांत झालं. बाहेर येऊन पाहते तो निंब अंगणात आडवा! मोडला नव्हता, मुळासकट उपटून पडला होता. आणि मूळ पाहिलं तर काय, तीन वर्षांनंतरही ते त्या पिशवीच्याच आकारात होतं. लोकरीचा गुंडा असतो ना, तसं गोल गोल गुंडाळलेलं. वर झाड बारा फुटांचं आणि खाली जमिनीत पाय रोवलेलाच नाही. पिशवीत वर्षानुवर्षं अडकलेलं मूळ तळाशी फिरत राहतं, आणि पुढे मोकळी जमीन मिळाली तरी ते वळण सहसा सुटत नाही. त्यात मी रोज वरवर पाणी घातलेलं. पाणी वरच मिळतंय म्हटल्यावर मुळांनी खोल जावं कशाला?

मला रडू कोसळलं. माझ्या सासूबाई हिंगणघाटकडच्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "काहून जीव जाळतं वं? निंब का विकत आणा लागते? महिन्याभरानं गल्लीत निंबोळ्यायचा सडा पडंन." आणि खरंच, जुलैत त्यांनी ओंजळभर निंबोळ्या वेचून आणल्या. त्यातल्या एकीचं झाड आज आमच्या पश्चिमेला उभं आहे. त्याची हकीकत पुढे येईलच.

ओक नव्हे, निंब

आता पत्रातल्या झाडांकडे वळू. मी दुपारच्या शाळेत शिकवते. एकदा इंग्रजीच्या तासाला 'ओक' हा शब्द आला, तशी एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, पण ओक तर आडनाव असतं ना?" सगळा वर्ग हसला. मी मुलांना सांगितलं की ओक हे थंड प्रदेशातलं मोठं चिवट झाड. आपल्या देशात ते गढवाल-कुमाऊँच्या डोंगरांत आहे, तिथे त्याला बांज म्हणतात. आपल्या उन्हाळ्यात ते तग धरणार नाही. आणि रोपवाटिकेत जो 'सिल्व्हर ओक' मिळतो, तो तर ओकच नव्हे! तो ऑस्ट्रेलियाचा. चहा-कॉफीच्या मळ्यांत विरळ सावलीसाठी आपल्याकडे आणला गेला. मळ्याला तो चांगला, पण घराला नाही. सरळसोट उंच जातो, पसरत नाही, आणि फांद्या ठिसूळ असल्यामुळे वादळात मोडतात. घराशेजारी ही जोखीम कशाला?

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. फुलला की नजर हटत नाही, हे कबूल. पण आपल्याकडे कोरड्या दिवसांत त्याची पानं झडून जातात आणि ऊन चढायला लागतं तेव्हा तो बराचसा उघडाच असतो. मुळं उथळ पसरतात, फरशी उचलतात, आणि वाऱ्यात झाड कोसळायची भीती असते. शोभेसाठी मैदानात तो लावा, घराच्या भिंतीपाशी नको.

पत्र्यांचं म्हणाल, तर पत्रा ऊन अडवतो खरा, पण स्वतः तापतो आणि ती धग खाली सोडतो. झाडाचं पान तसं तापत नाही. आपला माठ कसा पाझरतो आणि त्या पाझरण्याने आतलं पाणी गार होतं, तसंच पान सतत बाष्प बाहेर टाकत असतं. म्हणजे झाडाची सावली ही नुसती सावली नसते, हजारो हिरव्या माठांची उतरंडच असते म्हणा ना!

मग आपल्याकडचा 'ओक' कोणता? चिवट, दीर्घायुषी, इथल्या मातीत आणि उन्हात मुरलेला? माझं उत्तर एकच, कडुनिंब. आपल्या नागपुरी बोलीत नुसता निंब.

त्याचं वेळापत्रक पाहा, जणू नागपूरसाठीच आखलेलं! फेब्रुवारी-मार्चमध्ये जुनी पानं गळतात, तेव्हा ऊन अजून सोसवतं. गुढीपाडव्याच्या आसपास तांबूस कोवळी पालवी फुटते, पांढऱ्या बारीक फुलांचा वास सुटतो. आणि एप्रिलच्या मध्यावर, जेव्हा आपण कूलर पुसून खिडकीत बसवतो, तेव्हा निंब गच्च हिरवा झालेला असतो. मग नवतपा येवो की काही येवो, तो तसाच उभा. आपल्या शहरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. मे २०२४ च्या अखेरीस तर एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले आणि देशभर खळबळ उडाली. तो यंत्रातला दोष होता असं पुढे हवामान खात्याने स्पष्ट केलं. पण गंमत अशी की आकडा ऐकून आपल्यापैकी कित्येकींना तो खोटा वाटलाच नव्हता! असा आपला उन्हाळा.

या झाडाची कीर्ती परदेशातही आहे, बरं का. मक्केजवळच्या अराफातच्या मैदानावर हज यात्रेकरूंना सावली मिळावी म्हणून सुमारे ५० हजार निंब लावले गेले. त्या वाळवंटात जो जगतो, त्याला आपली काळी माती म्हणजे माहेरच.

मात्र एक लक्षात ठेवा. निंबाला तहान सोसते, पण पाय सतत पाण्यात बुडलेले सोसत नाहीत. तुमच्या अंगणात पावसाळाभर पाणी साचून राहत असेल तर निंबाऐवजी करंज लावा. तोही आपलाच, तोही दाट सावलीचा, आणि त्याला ओल चालते.

जागा कोणती?

झाडाची निवड जितकी महत्त्वाची, तितकीच जागेचीही. झाड 'पश्चिमेला' लावा एवढं सांगून भागत नाही. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. २६ मेच्या सुमारास तर नागपुरात क्षणभर आपली सावली पायाखालीच पडते, शाळेत आम्ही मुलांना तो प्रयोग दाखवतो. त्यानंतर सूर्य कलतो तो नेमका पश्चिमेला नाही, थोडा वायव्येकडे. त्यामुळे उन्हाळ्याच्या तिसऱ्या प्रहराचं ऊन अडवायचं असेल तर झाड खोलीच्या पश्चिमेला, जरासं उत्तरेकडे सरकवून लावावं. याचा दुसरा फायदा असा की हिवाळ्यात सूर्य नैऋत्येकडे मावळतो, म्हणून ते हवंहवंसं ऊन खोलीत येतच राहतं.

हे दिशांचं गणित कठीण वाटत असेल तर सोपी युक्ती सांगते. मे महिन्यात दुपारी चार वाजता मुलाच्या हाती एक लांब बांबू द्या आणि त्याला अंगणात उभा धरून फिरायला सांगा. तुम्ही खोलीत खिडकीशी थांबा. बांबूची सावली जिथून खिडकीवर पडेल, तिथे चुन्याची खूण करा. तीच तुमच्या निंबाची जागा.

आता अंतर. भिंतीपासून निदान पंधरा फूट दूर. निंब पुढे पन्नास फुटांवर जाऊ शकतो, आणि त्याचा विस्तारही तसाच. शिवाय आपली काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, तिला भेगा पडतात. मोठं झाड पायाजवळ असेल तर ते तिथलं पाणी ओढून घेतं, माती आणखी आक्रसते आणि भिंतीला तडे जाऊ शकतात. मग बिचाऱ्या झाडावर आळ! सेप्टिक टँक, पाण्याचा नळ आणि वरून जाणाऱ्या विजेच्या तारा यांच्यापासूनही लांब राहा. पत्रलेखिका भगिनींकडे वीस फुटांचं अंगण आहे, तेव्हा त्यांना ही चिंता नाही. ज्यांच्याकडे जेमतेम आठ-दहा फूट जागा आहे, त्यांनी मोठ्या झाडाचा हट्ट धरू नये. मांडव घालून वेल चढवावा, ते बरं.

रोप की निंबोळी?

रोप आणायचंच असेल तर उंची पाहून भुलू नका. दीड-दोन फुटांचं, एका वर्षाच्या आतलं रोप घ्या. पिशवीच्या तळाशी मूळ बाहेर डोकावत असेल किंवा गोल फिरलेलं दिसत असेल तर ते रोप परत ठेवा. आणि पानं नीट पाहा. निंबासारखंच दिसणारं बकाण हे झाड कधी कधी निंब म्हणून गळ्यात मारलं जातं. निंबाच्या एकाच देठाला दोन्ही बाजूंनी पानं येतात. बकाणाच्या देठाला पुन्हा उपदेठ फुटतात आणि मग त्यांना पानं. बकाणाची फुलं जांभळट असतात आणि फळं विषारी. लहान मुलं असलेल्या घरात हा फरक माहीत असायलाच हवा.

पण मी म्हणेन, निंबोळीच लावा. खर्च शून्य आणि मूळ थेट खाली जातं. कृती लिहून घ्या.

जून-जुलैत पिवळ्या पिकलेल्या, नुकत्या पडलेल्या निंबोळ्या वेचा. किडलेल्या, वाळलेल्या नकोत. हाताने चोळून गर काढा आणि बिया दोन-तीन पाण्यांनी स्वच्छ धुवा. कागदावर पसरून एक-दोन दिवस सावलीत सुकवा. उन्हात अजिबात नको. लोणच्याच्या मसाल्यासारखं बरणीत भरून 'पुढच्या वर्षी लावू' असं करू नका, कारण निंबोळीचा जीव फार थोडा. दोन-तीन आठवड्यांत उगवण्याची ताकद बरीच कमी होते. तेव्हा आठवड्याच्या आत पेरा.

खूण केलेल्या जागी आधीच दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून, त्याच मातीत दोन-तीन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून भरून ठेवा. माती जमिनीपेक्षा किंचित वरच राहू द्या, नाहीतर पावसात खड्ड्याची विहीर होते. त्यात वीतभर अंतरावर तीन बिया अर्धा इंच खोल, आडव्या ठेवून झाका. एक ते तीन आठवड्यांत कोंब दिसतो. तिन्ही उगवले तर दिवाळीपर्यंत वाढू द्या, मग सगळ्यात सशक्त एक ठेवा आणि बाकीचे मातीलगत कापून टाका. मन घट्ट करावं लागतं, पण तिघांना एका ताटात जेवू घातलं तर तिघेही उपाशी राहतात.

तीन उन्हाळे

लोक म्हणतात, "निंबाला काय करायचं असतं? तो आपोआप वाढतो." रानात वाढतो, कबूल. पण रानात हजार निंबोळ्या पडतात आणि त्यातलं एखादंच झाड होतं. आपण तर एकच लावणार. म्हणून तिला तीन उन्हाळे सांभाळायचं. बाळंतिणीसारखं म्हणा हवं तर!

पहिला उन्हाळा सगळ्यात कठीण. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, बादलीभर पाणी सावकाश मुरेल असं द्या. रोज थोडं थोडं नको, माझी फजिती आठवा. याहून चांगला उपाय म्हणजे मडकं. बिनरंगाचं कच्च्या लाल मातीचं जुनं मडकं रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा आणि तोंडावर झाकण ठेवा. पाणी पाझरत राहतं, मुळं त्याच्या शोधात खाली जातात, आणि आपण चार दिवस माहेरी गेलो तरी रोप तहानत नाही. डाळ-तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी मडक्यात गाळून घातलं तरी चालतं. साबणाचं मात्र नको. आळ्यात चार बोटं जाडीचा पाचोळा पसरा म्हणजे ओल टिकते. फक्त तो खोडाला चिकटू देऊ नका, वाळवी चढते. पश्चिमेच्या अंगाला एखादी जुनी ताटी किंवा बारदान उभं करा. आणि कुंपण विसरू नका. निंब आपल्याला कडू, बकरीला नाही! एका घासात वर्षभराची मेहनत फस्त होते.

दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा दोन बादल्या, पण आळं मोठं करून, खोडापासून दूर. तिसऱ्या उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा. त्यानंतर निंब आपलं आपण पाहतो.

आधाराला काठी लावली तर सुतळी सैल बांधा आणि वर्षभरात सोडा. वाऱ्याने थोडं हललेलं खोडच मजबूत होतं. खालच्या फांद्या घाईने छाटू नका, त्या खोडाला जाड करतात. तिसऱ्या वर्षानंतर, फेब्रुवारीत पानं गळतात तेव्हा, थोड्या थोड्या काढा. भर उन्हाळ्यात कात्री नको.

आणि एक मोठी चूक टाळा. झाड जरा मोठं झालं की आपल्याला त्याभोवती पार बांधायची हौस येते. मातीचा ढीग खोडावर चढवला की साल कुजते, आणि सिमेंटचा गिलावा थेट खोडापर्यंत नेला की मुळांना ना हवा, ना पाणी. दिल्लीतल्या झाडांच्या बाबतीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली आदेश दिला होता की खोडाभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा. आमच्याकडेही फरशीवरून बराच वाद झाला. गाडी उभी करायला जागा हवी, चिखल नको, हे 'ह्यांचं' म्हणणं काही चूक नव्हतं. शेवटी तडजोड केली. गाडीच्या दोन चाकांपुरत्या फरशीच्या दोन पट्ट्या घातल्या आणि बाकी जमीन मोकळी ठेवली. पावसाचं पाणी आता अंगणातच मुरतं. भगिनींनो, घरात फरशीचा विषय निघालाच तर हा तोडगा सुचवून पाहा.

पानगळीबद्दल शेजारी कुरकुर करतील, तीही ऐकायची तयारी ठेवा. तीन आठवडे झाडू जास्त फिरवावा लागतो, हे खरं आहे. पण तो पाचोळा आळ्यात जातो, आणि हिरवी पानं सावलीत वाळवून गव्हाच्या कोठीत घालायला मिळतात. मात्र निंब औषधी म्हणून काहीही करू नका. निंबोळीचं तेल लहान मुलांच्या पोटात जाणं धोक्याचं आहे. आणि निंब रात्रीही प्राणवायू देतो, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. अंधारात कोणतंच झाड तो देत नाही.

आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. झाड आपल्या अंगणात असलं तरी मन मानेल तसं तोडता येत नाही. १९७५ पासून आपल्या राज्यात नागरी भागातल्या झाडांसाठी कायदा आहे आणि झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचं स्थान मिळालं. त्याच वर्षी अजनीतली झाडं वाचवायला नागपूरकर एकत्र आले होते, ते तुम्हाला आठवत असेल. म्हणून जागा आधीच विचार करून निवडा, म्हणजे पुढे कुऱ्हाडीचा विषयच निघत नाही.

तोवर काय?

आता पत्रातल्या खऱ्या प्रश्नाकडे येते. भगिनींनो, तुमच्या सासऱ्यांना यंदाच्या उन्हाळ्यात सावली हवी आहे. निंब ती यंदा देणार नाही, पुढच्या वर्षीही नाही. हे सांगताना मला वाईट वाटतं, पण खोटी आशा दाखवणं त्याहून वाईट. म्हणून दोन कामं एकाच वेळी करा.

यंदासाठी पश्चिमेच्या खिडकीला *बाहेरून* ताटी किंवा वाळ्याचा पडदा लावा आणि दुपारी तो ओला ठेवा. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, बाहेरचा ते आधीच अडवतो. भिंतीपासून हातभर अंतर सोडून बांबूवर हिरवी जाळी ताणा, म्हणजे भिंत कमी तापेल. त्यांची खाट पश्चिमेच्या भिंतीपासून दूर सरकवा. शक्य असेल तर दुपारी तीन ते रात्री नऊपर्यंत त्यांना पूर्वेच्या खोलीतच ठेवा. अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही, तेव्हा दर तासाला चार घोट पाणी, ताक किंवा पन्हं आपणच द्यावं (डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल तर मात्र त्यांना विचारूनच). अंग तापलं, बोलणं असंबद्ध झालं, तर ओल्या कपड्याने अंग पुसत पुसत लगेच दवाखाना गाठा. सकाळची वाट पाहू नका.

आणि पहिला पाऊस पडला की पश्चिमेला, निंबाच्या जागेपासून सात-आठ फूट बाजूला, शेवग्याची एक फांदी रोवा. शेवगा वर्षभरात डोक्यावर जातो. सावली विरळ देतो, फांद्या ठिसूळ, पण निंब मोठा होईपर्यंत तो राखण करतो आणि वर शेंगाही देतो. निंबाने अंग धरलं की शेवगा काढून टाकायचा.

आमच्या सासूबाईंनी निंबोळी पेरली तेव्हा त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. तीन उन्हाळे त्यांनीच मडकं भरलं, गुडघे दुखत असले तरी. मी भरायला गेले तर म्हणायच्या, "राहू दे, मले तेवढंच काम आहे." २०२५ च्या मे महिन्यात निंब पंधरा फुटांचा झाला. एक दिवस दुपारी चारला त्यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली. मी घाबरून धावत गेले. त्या खाटेवर बसून खिडकीकडे बोट दाखवत होत्या. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागावर सावली आली होती, आणि भिंतीला हात लावला तर चटका बसत नव्हता.

वरच्या अर्ध्या भागाला अजून ताटी लावावी लागते. आणखी दोन-तीन वर्षं लागेल, असा सासूबाईंचा अंदाज आहे. पण त्या दिवसापासून दुपारी चारला त्या खाट ओढून खिडकीशी घेतात.

तेव्हा भगिनींनो, बांबू घेऊन आजच खूण करा, आणि जून उजाडला की गल्लीत निंबोळ्या वेचायला बाहेर पडा. कुणी हसलं तर त्यांच्याही ओंजळीत चार टाका. काही अडलं तर लिहा.

पुढच्या आठवड्यात उन्हाळी वाळवणांविषयी. सांडगे काळे का पडतात, असं तिघीजणींनी विचारलं आहे. त्याचं उत्तर तयार आहे.